नदी एक, विषय अनेक

खारेपाटणच्या बाजारपेठेत शुकनदीचे पाणी शिरले की आम्ही गटाराला नाहीतर नशिबाला दोष देतो. परंतु डोंगरउतारावरची झाडे तुटली की माती वाहून येते, गाळाने पात्र उथळ होते, आणि विजयदुर्ग खाडीला भरती असली तर पाणी लवकर उतरत नाही. एक कडी हलली की सारी साखळी हलते.

अशी साखळी पाहायला शिकविणारे पॅट्रिक गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक, पुढे नगररचनाकार. डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीखोऱ्याचा छेद मांडून स्थळ, काम व लोक यांचा ते एकत्र विचार करीत. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा दंडक होता.

आपल्या विद्यार्थ्यांनीही हेच करावे. भूगोलवाल्याने उतार मोजावा, विज्ञानवाल्याने गाळ तपासावा, वाणिज्यवाल्याने नुकसानीचा हिशेब मांडावा. आणि आराखडा करणाऱ्याने सखल भागातील रहिवाशांना प्रथम विचारावे. बाजाराभोवती भिंत बांधल्याने पाणी नाहीसे होत नाही, ते दुसऱ्याच्या दारात जाते. त्या दाराची नोंद नसलेला आराखडा शास्त्रीय नव्हे, असे आम्ही मानतो.