एक पास, अनेक गल्ले

महिन्याला ४९९ युरो भरा आणि हेलसिंकीत ट्राम, मेट्रो, बसनं हवं तितकं हिंडा, पाच किलोमीटरपर्यंत टॅक्सी बोलवा, गरज पडली तर भाड्याची मोटारही घ्या. फिनलंडच्या राजधानीत ‘व्हिम’ ॲपनं ही योजना आणली, तेव्हा स्वतःच्या गाडीला खरा पर्याय सापडला, असं अनेक वाहतूकतज्ज्ञांना वाटलं. ४९ युरोंचा पर्यायही होता. त्यात सार्वजनिक वाहनं पासातच आणि जवळची टॅक्सी १० युरोंत. सोन्या हेइक्किला या अभियंता तरुणीनं २०१४ साली आपल्या प्रबंधात अशाच व्यवस्थेची मांडणी केली होती. या विचाराचे खंदे पुरस्कर्ते साम्पो हिएतानेन यांनी त्यासाठी व्हिम चालवणारी कंपनी उभी केली.

मार्च २०२४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली.

ॲप चालत होतं. घोडं अडलं पैशांपाशी. व्हिमची स्वतःची एकही बस नव्हती. तिकीट शहराच्या परिवहन संस्थेकडून घ्यायचं, टॅक्सीवाल्याला त्याचं भाडं द्यायचं आणि ग्राहकाकडून मात्र ठरलेली रक्कम घ्यायची. जो ग्राहक पास पुरेपूर वापरी, तोच कंपनीला महाग पडे. २०१८च्या कायद्यानं वाहतूक संस्थांना तिकीटविक्री इतरांसाठी खुली करणं भाग पाडलं, पण मध्यस्थाचं पोट भरेल एवढी सवलत त्यांनी द्यावी, असं काही कायदा सांगत नव्हता.

हॅम्बुर्गनं हा गुंता १९६५ मध्येच वेगळ्या टोकाकडून सोडवायला घेतला. रेल्वे, भुयारी गाड्या, बस आणि एल्ब नदीवरच्या बोटी चालवणाऱ्या कंपन्यांनी संघ स्थापन केला. तिकीट एक आणि जमा पैशांच्या वाटणीचे नियमही सर्वांना मान्य असलेले. आज जर्मनीत देशभर चालणारा मासिक पास आहे. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोंना सुरू झाला. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या सोडल्या, तर प्रादेशिक रेल्वेपासून गावातल्या बसपर्यंत सगळीकडे तो चालतो. त्यापायी येणारी तूट भरून काढायला केंद्र आणि राज्यं वर्षाला प्रत्येकी दीड अब्ज युरो देतात. तरीही जानेवारी २०२५ पासून किंमत ५८ युरो करावी लागली. स्वस्त पास हवा असेल, तर सरकारनं हा भार उचललाच पाहिजे. तो खासगी ॲपच्या गळ्यात घालून चालत नाही.

मुंबईच्या दृष्टीनं हे आज महत्त्वाचं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आलं. लोकल, मेट्रो, बेस्ट, शिवाय ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदरच्या बससेवा, अशा ११ सेवांची तिकिटं त्यात एकत्र काढता येतात. रांग टळली, ही मोठीच सोय. पण डोंबिवलीहून लोकलनं घाटकोपर आणि पुढे मेट्रोनं अंधेरी गाठणाऱ्याला हवा आहे तो या सगळ्यांचा मिळून एक स्वस्त मासिक पास. त्यासाठी केंद्राची रेल्वे, राज्याच्या यंत्रणा आणि महापालिकांचे परिवहन उपक्रम यांना एका टेबलाशी बसून कुणाचा वाटा किती आणि तूट कुणाची, हे लेखी ठरवावं लागेल. त्या टेबलाशी बेस्ट येईल ती रिकाम्या खिशानं: मे २०२५ मध्येच तिला किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये करावं लागलं आहे.