'र' आहे की '२'? ओळखा पाहू!

दोस्तांनो, वहीत पटकन 'र' काढा. शिरोरेघ देऊ नका हं! आता शेजारीच मराठी '२' काढा. काय, दिसतात की नाही जुळे भाऊ?

आता गंमत ऐका. टॅबलेटवर डिजिटल पेनाने तक्ता आखायचा. नाव, गाव, गुण असे रकाने करायचे आणि हाताने भरायचे. मग एक बटण दाबलं की आपलं वेडंवाकडं अक्षर छापल्यासारखं नीटनेटकं होतं! पण हा 'र' आणि हा '२', हे टॅबलेटला कसं कळतं?

त्याचं काय आहे, पडदा तुमचं पेन सारखं बघत असतो! आयपॅड प्रो तर एका सेकंदात २४० वेळा बघतो. टोक आत्ता कुठे आहे? आणि आता? आधी कुठली रेघ आली, पेन कुठे उचललं, सगळी नोंद होते. कागदाचा फोटो काढला तर यातलं काहीच कळत नाही.

पण नुसतं बघून काय होणार? अक्षरं ओळखायला शिकावं लागतं. संगणकांना इंग्रजी आकडे शिकवायला एक प्रसिद्ध संग्रह वापरतात. त्याचं नाव एमनिस्ट. त्यात हाताने लिहिलेले ७०,००० आकडे आहेत! आणि ते लिहिले कोणी, माहितेय? निम्मे अमेरिकेच्या जनगणना खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी आणि निम्मे चक्क शाळेतल्या मुलांनी! म्हणजे मुलांच्या अक्षरावरून संगणक शिकले. आहे की नाही भारी?

आता आपल्या जुळ्या भावांकडे वळू. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. मोहरीच्या वाटीत मोहरी, हळदीच्या वाटीत हळद. तक्ताही तसाच! सॉफ्टवेअर आधी आडव्या-उभ्या रेघा शोधतं, मग एकेक चौकट वेगळी वाचतं. 'गुण' या रकान्यात फक्त आकडेच येणार, असं त्याला सांगून ठेवलेलं असेल, तर तिथला आकार '२'च! तोच आकार 'नाव' या रकान्यात आला, तर 'र'. अक्षर तेच, पण जागेने ओळख पटली! मला तर ही युक्ती सगळ्यात आवडते.

मात्र तुमचं अक्षर रेघ ओलांडून शेजारच्या चौकटीत घुसलं, की झालाच घोटाळा! हळदीत मोहरी सांडली म्हणा ना. म्हणून चौकटी ऐसपैस आखा, अक्षर आत ठेवा. आणि तक्ता टाइप झाला, की सगळ्यात आधी आकडे तपासा बरं का!