कर्करोगातील विषाद : हेतू, रक्षक भाव आणि आपले दायित्व

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ भावांची जी गणना केली आहे, तीत रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. पदवी अभ्यासक्रमात आपण सर्वांनी हे पाठ केलेले आहे. परंतु कर्करोगाचा रुग्ण प्रत्यक्ष समोर येतो तेव्हा आपण व्रण पाहतो, अग्नी पाहतो, बल पाहतो. विषाद पाहावयाचा राहून जातो. आमच्या हातून नेमके हेच घडले, म्हणून हा विषय वैद्यबंधु-भगिनींपुढे व औषधालय चालकांपुढे मांडत आहोत.

नवेगाव बांध परिसरातील एका खेड्यातील पन्नाशीचे शेतकरी आमच्याकडे आले. वीस वर्षांहून अधिक काळ खर्रा खाण्याची सवय, गालाच्या आतील बाजूचा कर्करोग, नागपूर येथे शस्त्रकर्म व त्यानंतर किरणोपचार, असा पूर्वेतिहास होता. तक्रारी तीन : अरुची, अनिद्रा, दौर्बल्य. आम्ही वातप्रकोप व अग्निमांद्य गृहीत धरून दीपन, पाचन व रसायन अशी योजना केली. सहा आठवडे गेले, उपशय नाही. बैलजोडी विकल्याचे त्यांनी सांगितले, तेव्हा उपचाराचा खर्च भागविण्यासाठी विकली असावी असे आम्ही मानले. एके दिवशी औषध नेण्यास त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. त्या म्हणाल्या, "हे कोणाशी बोलतच नाही जी. मंडईच्या नाटकालेबी नाही गेले." झाडीपट्टीतील माणूस दिवाळीनंतरच्या मंडईचे नाटक चुकवितो, यात काय आले ते आपल्या भागातील वाचकांस सांगावयास नको. पुढील भेटीत त्यांच्याशी एकांतात बोललो. जगण्याची इच्छा उरली नाही, घरच्यांवरचा भार उतरावा असे वाटते, हे त्यांनी बऱ्याच वेळाने सांगितले. बैलजोडी पैशासाठी विकलेलीच नव्हती. त्यांनी आवराआवर चालविली होती.

येथे निदानाची अडचण लक्षात घ्यावी. अरुची, निद्रानाश, कार्श्य, थकवा ही विषादाची लक्षणे आहेत, आणि हीच कर्करोगाची व त्याच्या उपचारांचीही लक्षणे आहेत. त्यामुळे केवळ शारीरिक लक्षणांवर भिस्त ठेवणारा चिकित्सक हमखास फसतो. अशा रुग्णात मनाची लक्षणे अधिक बोलकी असतात : पूर्वी प्रिय असलेल्या गोष्टींत रस न उरणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, अपराधभाव, निराशा, मरणाचे विचार. शास्त्राने सांगितलेल्या आतुराच्या चार गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा वैद्यास सांगता येणे, हा एक गुण आहे. विषादात हाच गुण प्रथम लोपतो. मुखाच्या कर्करोगात तर जीभ आणि जबडा आधीच निकामी झालेले असतात. म्हणून आपणच विचारले पाहिजे.

हा विकार किती आढळतो? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या एका संशोधनात मुलाखतीद्वारे निदान केलेला तीव्र विषाद कर्करोगाच्या सुमारे सहा रुग्णांपैकी एकास आढळला. म्हणजे पाच जणांस तो नव्हता. कर्करोग म्हटला की माणूस खचणारच, असे म्हणून सोडून देणे अशास्त्रीय आहे, हे या एका आकड्यावरून दिसते.

मग कोणास होतो? पूर्वी विषादाचा विकार झालेला असणे, तरुण वय, रोगाची प्रगत अवस्था, मद्यासक्ती, एकटेपणा, आर्थिक विवंचना हे हेतू सर्वमान्य आहेत. शास्त्राच्या परिभाषेत अवर सत्त्वाचा रुग्ण लवकर खचतो. परंतु आमच्या मते सर्वांत उपेक्षित हेतू म्हणजे अनियंत्रित वेदना. शूल रात्रभर जागवितो, जागरणाने वात वाढतो. आणि विषादाची गणना चरकांनी वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांत केलीच आहे. वेदना शमली की अर्धा विषाद ओसरलेला आम्ही पाहिला आहे. अशा रुग्णास मॉर्फिन दिल्याचे कळताच "ते व्यसन लागेल, बंद करा" असा सल्ला देणारे काही व्यवसायबंधू आहेत. त्यांनी कृपया हा सल्ला देऊ नये.

पूर्व विदर्भात मुखाच्या कर्करोगाचे वेगळे दुःख आहे. चेहरा विद्रूप होतो, बोलणे अस्पष्ट होते, लाळ गळते. असा मनुष्य पंगतीत बसत नाही, लग्नास जात नाही, पुढे घरातही वेगळा जेवू लागतो. त्यात खर्ऱ्याचा अपराधभाव : हे मीच ओढवून घेतले. नातलगही तेच ऐकवितात. खर्रा सोडविणे आवश्यक आहेच, पण निदानानंतर दोषारोप करण्यात चिकित्सेचा कोणताही अंश नाही. याचाच दुसरा प्रकार म्हणजे "फार चिंता केलीस म्हणून कर्करोग झाला" हे वाक्य. २०२३ साली नेदरलँड्स, ब्रिटन, नॉर्वे व कॅनडा येथील तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात विषाद वा चिंता यांचा एकूण कर्करोगाशी संबंध आढळला नाही. विषाद रुग्णाची अवस्था बिघडवितो, उपचार अर्धवट सोडावयास लावतो, हे खरे. परंतु रोग त्यानेच उत्पन्न केला असे रुग्णास सांगणे अन्यायाचे आहे.

काही हेतू औषधजन्य वा धातुगत असतात. मानेवरील किरणोपचारानंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी थायरॉइड ग्रंथी मंदावते आणि मनुष्य सुस्त, उदास होतो. टीएसएच ही साधी रक्ततपासणी त्यासाठी पुरेशी आहे. आमच्या रुग्णात ती आम्ही फार उशिरा करविली. केमोथेरपीबरोबर दिली जाणारी डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड्स झोप व मनःस्थिती बिघडवितात. पांडुता पाहावीच.

औषधालय चालकांसाठी एक विशेष सूचना. झोप येत नाही म्हणून सर्पगंधायुक्त गुटिका मागणारे ग्राहक दररोज येतात. सर्पगंधेतील रेसर्पिन रक्तदाबासाठी सर्रास वापरले जाऊ लागले, त्या १९५०च्या दशकात काही रुग्णांत विषाद उत्पन्न झाल्याची निरीक्षणे नोंदविली गेली. या कार्यकारणसंबंधाविषयी अलीकडे मतभेद आहेत, तथापि विषादग्रस्त रुग्णास सर्पगंधा देऊ नये हा संकेत आपण मोडण्याचे कारण नाही. अश्वगंधेविषयीही तारतम्य हवे. ती थायरॉइडची पातळी बदलू शकते, आणि क्वचित यकृतास अपाय झाल्याच्या नोंदी आहेत. केमोथेरपी चालू असता कोणतेही चूर्ण, भस्म वा आसव कर्करोगतज्ज्ञांस कळविल्यावाचून देऊ नये.

आता रक्षक भाव. चतुष्पादांत उपस्थाता हा पाद आहे, आणि त्याच्या गुणांत अनुराग सांगितला आहे. आधुनिक अभ्यासही कौटुंबिक व सामाजिक आधार हाच प्रमुख रक्षक घटक मानतात. पण आधार म्हणजे गर्दी नव्हे. रोगाचे नाव रुग्णापासून लपवून ठेवणारी कुटुंबे प्रेमाने वागत असतात, तरी रुग्णाला बहुधा सर्व कळलेले असते आणि तो एकटा पडतो. ज्या घरात रोगाविषयी मोकळेपणी बोलले जाते, तेथील रुग्ण अधिक तग धरतात असा आमचा अनुभव आहे. दुसरा रक्षक भाव म्हणजे काम. "तुम्ही काहीच करू नका" असे म्हणून घरचे रुग्णास बांधीवर जाऊ देत नाहीत. झेपेल तेवढे चालणे, धानाच्या चुकाऱ्याचा हिशेब ठेवणे, नातवंडांस शाळेत पोहोचविणे यांनी मनुष्य कुटुंबात टिकून राहतो. ज्याची श्रद्धा आहे त्यास भजनाचाही आधार मिळतो.

आर्थिक भार हलका करणे हीदेखील सत्त्वावजय चिकित्साच होय, असे आम्ही मानतो. नवेगाव बांधहून नागपूरला वारंवार जाणे म्हणजे प्रत्येक वेळी मजुरी बुडणे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार समाविष्ट आहेत. उपचारार्थ प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास रेल्वेच्या शयनयान वर्गात भाडे पूर्ण माफ असून सोबत्यासही मोठी सवलत आहे. हे पुष्कळांस ठाऊक नसते. चिकित्सालयात ही माहिती लिहून लावावी.

प्रत्यक्षात काय करावे? प्रत्येक कर्करुग्णास दर भेटीत दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास वा हताश असते काय? आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे काय? कोणतेही एक उत्तर "बहुतेक दिवस" असे आल्यास मरणाचे विचार येतात काय, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट रुग्ण मोकळा होतो. उत्तर होकारार्थी असल्यास रुग्णास एकटे ठेवू नये, फवारणीची औषधे घरातून हलविण्यास नातलगांस सांगावे व त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो. पाठविताना सर्व औषधांची यादी सोबत द्यावी. उदाहरणार्थ, स्तनकर्करोगात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीस पॅरॉक्सेटिन वा फ्लुऑक्सेटिन दिल्यास टॅमॉक्सिफेनचे कार्य उणावू शकते.

उपचाराने गुण येतो काय, अशी शंका येणे साहजिक आहे. २०१४ साली स्कॉटलंडमधील एका मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित परिचारिका, मानसरोगतज्ज्ञ व स्थानिक डॉक्टर यांनी मिळून कर्करुग्णांच्या विषादाची चिकित्सा केली. चोवीस आठवड्यांनी ६२ टक्के रुग्णांत लक्षणे निम्म्याने वा अधिक उतरली. नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात हे प्रमाण १७ टक्के होते. त्या योजनेतील नियमित भेट घेण्याचे व विचारपूस करण्याचे काम आपल्यासारख्या गावातील चिकित्सकास सहज करता येण्याजोगे आहे.

आमच्या रुग्णास गोंदियास मानसरोगतज्ज्ञांकडे पाठविले, थायरॉइडचे औषध सुरू झाले, वेदनाशामकाची मात्रा नागपूरहून बदलून आणली. आमच्याकडून अभ्यंग व मृदू आहार एवढेच ठेवले. सुधारण्यास तीन महिने लागले. पुढच्या मंडईत ते नाटकास गेले, निम्म्यातून उठून आले, असे त्यांच्या पत्नींनी सांगितले.