चढाईचा गडी : निवड, जडणघडण आणि जोखीम
(डहाणू व तलासरी परिसराच्या संदर्भात)

१. प्रास्ताविक

हुतुतूच्या, म्हणजेच आजच्या कबड्डीच्या, मैदानात उतरणाऱ्यास मराठीत 'गडी' म्हणतात. दुसऱ्याच्या शेतावर मोलाने राबणारा तोही 'गडी'च. डहाणू आणि तलासरी या पट्ट्यात या शब्दास आणखी एक अर्थ चिकटलेला होता. लग्नापुरते कर्ज काढून त्याच्या फेडीसाठी जमीनदाराकडे वर्षानुवर्षे बांधला गेलेला वारली तो 'लग्नगडी'. १९४५ साली झरी येथील सभेपासून वारल्यांच्या ज्या लढ्यास आरंभ झाला, त्याच्या कारणांत ही वेठ प्रमुख होती. खेळणारा, राबणारा आणि बांधला गेलेला असे तीन अर्थ एकाच शब्दात नांदावेत, ही भाषेच्या अभ्यासकास केवळ गमतीची बाब वाटू नये.

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम सुरू झाला आणि त्याच आठवड्यात, १ ऑगस्ट रोजी, ठाण्यातून निघून पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. तथापि नव्या जिल्ह्याच्या पाड्यापाड्यांतून जी पिढी वाढली, तिच्यासमोर 'लिलावात बोली लागलेला गडी' हे एक नवे चित्र उभे राहिले, हे खरे. या चित्रामागील निवडीची रीत कोणती, तीत जोखीम कोणती आणि ती कोणाच्या माथी येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. चढाई करणाऱ्याचे काम

कबड्डीत प्रत्येक बाजूस सात गडी असतात. चढाई करणारा एकटाच मध्यरेषा ओलांडतो. त्यास ३० सेकंदांचा अवधी असतो आणि तेवढ्यात, दम न सोडता, निदान रेषा ओलांडून, जमल्यास गडी टिपून, परत यावयाचे असते. वरवर पाहता हे पायांचे आणि फुप्फुसांचे काम वाटते. वस्तुतः ते निर्णयाचे काम आहे. समोर सहा किंवा अधिक गडी असतील तरच बोनस गुण मिळतो. तीन किंवा कमी असताना पकड झाली तर बचाव करणाऱ्यांना जादा गुण मिळतो. लीगच्या नियमानुसार लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविलाच पाहिजे, नाहीतर गडी बाद. तेव्हा कोणत्या क्षणी धाडस करावे आणि कोणत्या क्षणी रिकाम्या हाताने परतावे, याचा हिशेब त्यास धावता धावता करावा लागतो. कोपऱ्यावरचा गडी किंचित पुढे सरकला, साखळीतील हात सैल झाला, एवढ्या खुणांवरून त्याला पुढचा डाव वाचता यावा लागतो.

अमेरिकेतील फुटबॉलमध्ये 'क्वार्टरबॅक' या गड्याचे स्थान याच जातीचे आहे. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकावा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवावयाचे असते. संघाची सारी मदार अशा एका माणसावर असल्यामुळे तो मिळविण्यासाठी संघ वाटेल ती किंमत मोजतात. आणि चूकही येथेच सर्वांत मोठी होते.

३. निवडीची रीत आणि तिच्या मर्यादा

अमेरिकेत १९३६ पासून नव्या खेळाडूंची निवड ठरावीक क्रमाने होते. ज्या संघाची मागील कामगिरी सर्वांत वाईट त्याचा हक्क पहिला. या रीतीचा अनुभव मोठा बोधप्रद आहे. २००० साली टॉम ब्रेडी यांची निवड १९९ व्या क्रमांकावर झाली आणि पुढे ते त्या खेळातील सर्वाधिक अजिंक्यपदे मिळविणारे क्वार्टरबॅक ठरले. उलट २००७ साली पहिल्याच क्रमांकावर निवडले गेलेले जामार्कस रसेल तीन हंगामांनंतर त्या स्पर्धेत पुन्हा दिसले नाहीत. उंची, वेग आणि फेकीचा पल्ला मोजता येतो. परंतु गर्दीत, धक्के खात असताना, योग्य निर्णय घेण्याची शक्ती मोजण्याचे यंत्र नाही. ती पुष्कळशी निवडीनंतर घडते, आणि ती घडविण्यास संघाने किती वेळ दिला यावर अवलंबून असते.

आपल्याकडील रीत लिलावाची. 'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. डहाणूच्या किनाऱ्यावर त्यांचा अंमल १७३९ पर्यंत होता. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ मध्ये पवन सेहरावत या चढाईपटूसाठी तेलुगू टायटन्स संघाने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. संघाच्या खर्चाची मर्यादा सुमारे ५ कोटींची असताना निम्म्याहून अधिक रक्कम एका गड्यावर गेली. त्या हंगामात त्यांनी स्वतः भरपूर गुण मिळविले, पण संघ तळाला राहिला. त्यापूर्वीच्या वर्षी तमिळ थलैवाज संघाने त्यांना २ कोटी २६ लाखांस घेतले होते. पहिल्याच सामन्यात गुडघ्यास दुखापत होऊन त्यांचा तो हंगाम संपला. दोन्ही वेळी गड्याच्या गुणांत उणीव नव्हती. एकदा शरीराने दगा दिला आणि एकदा भोवतालचा संघ अपुरा पडला.

महाराष्ट्रातील उदाहरण श्री. सिद्धार्थ देसाई यांचे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यातून आलेल्या या चढाईपटूस २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांस घेतले. एका वर्षात ती बोली १ कोटी ४५ लाखांवर गेली. पुढे दुखापतीनंतर मोठ्या प्रमाणात उतरली आणि २०२३ मध्ये पुन्हा १ कोटीपर्यंत चढली. माणूस तोच, विद्याही तीच. मोल मात्र भरती-ओहोटीप्रमाणे हलत राहिले. यावरून असे दिसते की, लिलाव गड्याचे मोल ठरवितो, गडी घडवीत नाही.

घडविण्याचे उदाहरण म्हणून पुणेरी पलटणकडे बोट दाखविता येईल. या संघाने २०२३ मध्ये सर्वांत मोठी रक्कम, २ कोटी ३५ लाख, मोहम्मदरेझा शादलुई या बचावपटूवर खर्च केली. चढाईची बाजू मात्र अस्लम इनामदार, आकाश शिंदे, मोहित गोयत अशा तरुणांवर सोपविली. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातून आलेले इनामदार हेच कर्णधार होते. १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून संघाने पहिले अजिंक्यपद मिळविले. एका हंगामावरून सिद्धांत मांडणे योग्य नव्हे. तरी चढाईचा भार तिघांत वाटला गेला की एकाच्या गुडघ्यावर सारा संघ उभा राहत नाही, एवढे म्हणावयास हरकत नाही.

४. डहाणू-तलासरीचा प्रश्न

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळू. भाताची कापणी आटोपली आणि दिवाळी सरली की या दोन तालुक्यांतील अनेक कुटुंबे उचल घेऊन वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर किंवा मासेमारीच्या बोटींवर कामास निघून जातात; कित्येक तरुण उंबरगाव-वापीकडील कारखान्यांची वाट धरतात. गावोगावच्या मंडळांचे कबड्डीचे सामने रंगतात तेही याच थंडीच्या दिवसांत. म्हणजे खेळाचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच. जो मुलगा आश्रमशाळेत आहे तो तेथील स्पर्धांत खेळतो. परंतु दहावी-बारावीनंतर आश्रमशाळा सुटते आणि सोळा ते एकोणीस या वयात, नेमका जेव्हा चढाईचा निर्णय पक्का व्हावयाचा, तेव्हा तो भट्टीवर विटा वाहत असतो. निवड करणारा त्याला पाहत नाही. पाहिले तरी अर्धवट घडलेला म्हणून सोडून देतो.

दुसरी अडचण भाषेची. घरी वारली बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि गादीवरच्या कबड्डीत 'रेड', 'टॅकल', 'डू ऑर डाय' अशी हिंदी-इंग्रजी मिश्र परिभाषा. येथे केवळ शब्दांची अदलाबदल होत नाही. 'चढाई' ही क्रिया आहे. गावच्या खेळात ती आळीपाळीने सर्वांच्या वाट्यास येते आणि जो चढाई करतो तोच पुढच्या क्षणी पकडीच्या साखळीत उभा राहतो. 'रेडर' हे पद आहे. त्यास दर असतो, आणि त्या पदावर ज्याची लवकर नेमणूक झाली त्यास दुसरे काही शिकण्याची मुभा राहत नाही. चौदाव्या वर्षी अंगाने थोराड म्हणून ज्यास 'रेडर' ठरविले, त्याची वाढ अठराव्या वर्षी थांबली किंवा खांदा निखळला, तर त्याच्या हाती काय उरते? संघाचे नुकसान एका हंगामाचे असते. मुलाचे नुकसान शिक्षणाच्या चार वर्षांचे असते. जोखमीची ही विषम वाटणी हाच या प्रश्नाचा गाभा होय.

५. कुरणशाळेचा धडा

यावर उपाय शोधण्यास दूर जावयास नको. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातीलच कोसबाडच्या टेकडीवर आले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, असे आढळल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी मुलांना दोष दिला नाही. शिक्षकच कुरणावर गेला. हीच 'कुरणशाळा'. मूल जेथे आहे तेथे, त्याला कळेल अशा बोलीत, त्याच्या कामाच्या वेळा सांभाळून शिकवावे, हे तिचे तत्त्व.

तेच तत्त्व खेळास लागू करता येईल. गादी महाग असली तरी पदन्यास, दम आणि समोरचा डाव वाचणे यांचा पाया मातीवरही घालता येतो. तेव्हा मार्गदर्शकाने पाड्यावर आणि, आवश्यक तर, भट्टीच्या वस्तीवर जावे. वाढ पुरी होईपर्यंत प्रत्येक मुलास चढाई व पकड दोन्ही शिकवावे. डाव त्याच्या बोलीत समजावावा. परिभाषा मागाहून आपोआप येते. शिक्षणाचा धागा तुटू देऊ नये, कारण राज्य शासनाच्या नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ घ्यावयाचा तरी त्या पदाची शैक्षणिक अर्हता लागतेच. आणि करार पुढे आलाच, तर त्यातील प्रत्येक कलम, विशेषतः दुखापतीचे कलम, सही करण्यापूर्वी त्यास व त्याच्या आईवडिलांस त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे. ज्या मुलुखात पणजोबांनी न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठे उठविले, तेथे ही केवळ औपचारिकता नव्हे.

६. समारोप

लिलावातील बोली आणि जुनी उचल यांस एकच मानणे अन्यायाचे होईल. आजचा खेळाडू स्वेच्छेने करार करतो, मोबदला मिळवितो आणि मुदत संपताच मोकळा होतो. परंतु हे स्वातंत्र्य अर्थपूर्ण होण्यास हातात दुसरी वाट असावी लागते. ज्याला फक्त चढाईच येते तो समोरच्याच्या मर्जीवर असतो. ज्यास चढाई येते, पकड येते आणि करार वाचता येतो, तोच परत फिरण्याची मध्यरेषा स्वतः आखू शकतो. डहाणू-तलासरीतून एखादा मोठा चढाईपटू निघावा ही इच्छा योग्यच आहे. त्याच्याबरोबर खेळलेले आणि न निवडले गेलेले दहाजणही धडपणे घरी परतावेत, ही जबाबदारी मात्र निवड करणाऱ्यांनी आणि घडविणाऱ्यांनी आपली मानावयास हवी.