घरात बाळंतीण आहे!

ठेवणीतली चादर काढायला तुम्ही कपाट उघडता आणि खालच्या कप्प्यातून दोन हिरवे डोळे तुमच्याकडे रोखून बघतात. चादरीवर मनी ऐसपैस पसरलेली आणि तिच्या पोटाशी उंदराएवढी चार पिल्लं चुळबुळताहेत! मुलं टाळ्या पिटतात, सासूबाई म्हणतात, "आधी बाहेर काढा ती ब्याद," आणि घरातली पुरुषमंडळी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "तुझं तू बघ" असा निकाल देऊन मोकळी होतात. म्हणजे हेही बाळंतपण तुमच्याच गळ्यात!

आधी कळलं तर तयारी करता येते. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५. शेवटच्या आठवड्यात ती माळा, गाद्यांची चळत, शिलाईच्या कपड्यांची टोपली असं सगळं हुंगत फिरू लागते. तेव्हाच एक मोठं खोकं घ्यावं, एका बाजूला तिला आत-बाहेर करता येईल एवढी कापून, आणि त्यात जुन्या सुती लुगड्याच्या घड्या घालाव्यात. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत पिल्लांची नखं अडकतात. खोकं अंधाऱ्या, वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवावं. एवढं करूनही बाईसाहेबांना तुमचं कपाटच पसंत पडलं, तर निमूटपणे कप्पा रिकामा करून द्या. मात्र त्यातल्या डांबराच्या गोळ्या आठवणीनं काढा. त्या मांजरांना विषारी असतात. तीच गोष्ट फिनेलची. बाळंतिणीची जागा म्हणून आपण हौसेनं फिनेलनं पुसतो, ती फरशी मनी पायानं तुडवते आणि पाय चाटते. तिथे साध्या साबणाच्या पाण्यानं पुसावं.

प्रसूतीत आपण दूरच राहावं. नाळ तोडणं, पिल्लू चाटून कोरडं करणं, वार खाणं, सगळं ती स्वतः करते. किळस वाटली तर तोंड फिरवा, पण तिला हुसकू नका. दोन पिल्लांमध्ये तासाभराचं अंतर पडलं तरी घाबरण्याचं कारण नाही. मात्र अर्धा तास सारखा जोर करूनही पिल्लू बाहेर येत नसेल, तर प्राण्यांच्या डॉक्टरांना गाठावं.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमच्या हातून ती होणार नाही.

आमच्या मनीच्या पहिल्या वेताला चार पिल्लं झाली. दुसऱ्या दिवशी एक पांढरं पिल्लू बाजूला पडलेलं दिसलं, गार आणि मलूल. मला वाटलं, भुकेलं आहे. मी गायीचं दूध कोमट केलं, पाणी घातलं, पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं आणि कापसाच्या वातीनं थेंब थेंब तोंडात पिळले. माझ्या दोन्ही मुलांना वाढवलेला हात, त्यामुळे मनात शंका अशी आलीच नाही. थोडं दूध नाकातून बाहेर आलं. सकाळी पिल्लू गेलेलं होतं. मनीला 'ब्याद' म्हणणाऱ्या सासूबाईंनीच ते फडक्यात गुंडाळून पारिजातकाखाली पुरलं. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

पुढे डॉक्टरांकडे विषय निघाला तेव्हा कळलं, की गार पडलेल्या पिल्लाला दूध पचतच नाही. त्याला धड गिळताही येत नाही आणि उताणं धरलं की दूध सरळ फुप्फुसात जातं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून आधी ऊब, मग दूध. करंगळीचं टोक त्याच्या तोंडात घालून बघावं. तोंड गार लागलं तर दूध मुळीच देऊ नये. पदराखाली अंगाशी धरावं किंवा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. तास लागला तरी लागू द्या, पण हळूहळू ऊब द्या. वळवळू लागलं, तोंड मारू लागलं, की मनीच्या सडाला लावावं. पहिल्या दिवसाचं चिकाचं दूध तर कशानंही भरून निघत नाही. वरचं दूध द्यायचीच वेळ आली, तर मांजराच्या पिल्लांची खास पावडर मिळते. ती डॉक्टरांना विचारून आणावी आणि पिल्लू पालथं, पोटावर धरूनच पाजावी. गायीच्या दुधानं हगवण लागते.

पिल्लू पोसतंय की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर रोज ठरल्या वेळी तोलावं. जन्माला साधारण १०० ग्रॅम आणि मग रोज १० ग्रॅमच्या आसपास वाढ. दोन दिवस काटा हलला नाही, तर डॉक्टर. माणसाचा हात लागला की मांजरी पिल्लू टाकते म्हणतात. ओळखीची, विश्वासातली मांजरी तसं करत नाही. पण शेजारपाजारची मुलं दिवसभर डोकावू लागली, की ती पिल्लं तोंडात धरून जागा बदलते. सात घरं फिरवण्यामागे बहुतेक हीच कटकट असावी! परका बोका पिल्लं मारतो, हे मात्र खरं. रात्री खिडकी लावून घ्या.

खरी काळजी घ्यायची ती आईची. पाजत्या मांजरीला एरवीच्या दुप्पट, कधी तिप्पटही खायला लागतं, तेही चार-पाच वेळा. दूध-पोळीवर तिचं भागत नाही. उकडलेली कोंबडी किंवा मासळी द्यावी, काटे-हाडं काढून, बिनमिठाची, कांदा-लसूण न लावलेली. शाकाहारी घरात मांजरांचं तयार खाणं आणावं. पाण्याचं भांडं सदा भरलेलं हवं. ती थरथरू लागली, पाय ताठ टाकू लागली, धापा टाकू लागली, तर अंगातलं कॅल्शियम एकदम उतरलेलं असू शकतं. तेव्हा सकाळची वाट बघू नका. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका, मांजराचा जीव जातो.

पिल्लांचे डोळे सात ते दहा दिवसांत उघडू लागतात, ते ओढून उघडू नयेत. शी-शूचं सगळं पहिले तीन आठवडे आई चाटून उरकते, म्हणजे दुपटी धुणं नाही! पुढे उथळ ट्रेमध्ये वाळू ठेवली की पिल्लं आपोआप शिकतात. घरात कुणाला दिवस गेले असतील, तर तिनं हा ट्रे साफ करू नये. मांजरीच्या विष्ठेतून गर्भाला बाधणारा संसर्ग होऊ शकतो. ते काम खुशाल वर्तमानपत्रवाल्यांवर सोपवा.

अंगावर पाजते आहे तोवर दिवस राहत नाहीत, या समजुतीत मी होते. मनीनं ती लौकरच खोटी ठरवली. दुसऱ्या वेतातही एक पिल्लू गार पडलं. या वेळी दुधाला हातही लावला नाही. दुपारभर ते माझ्या पदराखाली होतं, आणि मी एका हातानं भाजी निवडत होते. चारच्या सुमारास त्यानं माझ्या बोटाला तोंड मारलं. आज त्याचा चांगला दांडगा बोका झाला आहे आणि सासूबाईंच्या पायाशी झोपतो.

त्या वेताची पिल्लं दुधावरून उतरल्यावर मनीचं ऑपरेशन करून घेतलं. तुम्हीही ते लांबवू नका. पिल्लं निदान आठ आठवड्यांची झाल्याशिवाय कुणाला देऊ नयेत. लसी त्याच सुमारास सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांनी. देताना सगळी एकाच दिवशी देऊ नका, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं द्या, म्हणजे तिचं दूधही बेतानं आटतं. सोबत खोक्यातल्या लुगड्याचा एक तुकडा द्यावा. आईच्या वासावर पिल्लू नव्या घरी लौकर झोपतं. मनी एक-दोन दिवस हाका मारत घरभर फिरेल. तेवढे दिवस तिला जवळ बसू द्या.