मैफलींचं वेळापत्रक नेमकं ठरतं कसं?

कोरोनानंतर आमच्या संगीत मंडळाने वर्षाच्या मैफली आखायला घेतल्या, तेव्हा एका नव्या सभासदाने विचारलं, "सगळं संध्याकाळीच का?"

प्रश्न रास्त होता. आपल्या संगीतात रागाला वेळ असते. तोडी सकाळची, सारंग दुपारचा, मालकंस आणि दरबारी रात्रीचे. सगळ्या मैफली सहा ते नऊमध्ये कोंबल्या की पूरिया, मारवा, यमन यांच्याभोवतीच फिरणं होतं. (यमन मलाही आवडतो, पण किती?)

शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. बंदिस्त सभागृहाला मात्र हा नियम लागू नाही.

म्हणून यंदा रविवारी सकाळच्या बैठका ठेवल्या. ज्येष्ठ श्रोत्यांना उजेडात घरी परतता येतं, खिडक्या उघड्या ठेवता येतात.

वेळेइतकाच प्रश्न घाईचा. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन संगीत महोत्सवही कोरोनाच्या खंडानंतर थेट डिसेंबर २०२२ मध्ये भरला. मोठ्यांचं असं, तर आमच्यासारख्यांनी घाई कशाला करायची? आधी कलाकाराची तारीख, मग सभागृह, पत्रिका सगळ्यात शेवटी.

तुमच्या गावात सकाळच्या मैफली होतात का? बैठक आखताना काही अडलं तर जरूर विचारा.