एक सुटला, दुसऱ्याला शिक्षा झाली. आता अपील कशावर?

मैत्रिणींनो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते खरंच. पण घरातल्या कुणावर ती वेळ आलीच, तर पुढचा रस्ता ठाऊक हवा.

समजा, मारामारीच्या खटल्यात दोघे भाऊ आरोपी आहेत. साक्षीदार तेच, आरोपही तोच. थोरला सुटला नि धाकट्याला शिक्षा झाली. घरातल्या बायका म्हणणारच, "हा कसला न्याय?"

पूर्वी मुंबईत निकाल ज्यूरी द्यायची. 'दोषी' की 'निर्दोष' एवढंच सांगायचं, कारण द्यायचं नाही! १९५९ सालचा नानावटी खटला तुम्ही ऐकला असेलच. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटेना. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. हायकोर्टानं जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरी उरलीच नाही.

आता न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात. अपिलाचा आधार तोच. मात्र एक सुटला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही, बरं का! आपण तांदूळ निवडतो तशी कोर्टं साक्ष निवडतात. धाकट्याकडची काठी पंचांसमोर जप्त झाली असेल, तर दोघांत फरक पडतो. पण दोघांविरुद्धचा पुरावा आणि दोघांची भूमिका अगदी सारखी असेल, तर एकाला सोडून दुसऱ्याला शिक्षा देता येत नाही. २०२३ साली गुजरातच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं.

नाशिकच्या सेशन्स कोर्टानं शिक्षा दिली, तर अपील मुंबई हायकोर्टात, ६० दिवसांत. मॅजिस्ट्रेटनं दिली, तर सेशन्स कोर्टात, ३० दिवसांत. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल फुकट मिळते. नाशिकरोडच्या तुरुंगातून तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील धाडता येतं. वकिलाला द्यायला पैसे नाहीत? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

वकिलाकडे जाण्याआधी एक करा. वहीत दोन रकाने आखा, एक थोरल्याचा, एक धाकट्याचा. कुठला साक्षीदार कुणाबद्दल काय बोलला, ते निकालपत्रातून उतरवून काढा. दोन्ही रकाने सारखे निघाले, तर तो कागद वकिलापुढे ठेवा. आणि रडण्यात दिवस घालवू नका. मुदत कुणासाठी थांबत नाही.